कानाडोळा

मंगळवारी बोटीतून उतरते माझी फिरती लायब्ररी.
तीन बेटं, एकवीस थांबे, बाराशे पुस्तकं.
ऑर्कनीचा वारा असा की
एका हाताने टोपी धरायची, दुसऱ्याने दार,
आणि पुस्तकं हनुवटीखाली.

मिस टिंडलचं चौदावं आलं. प्रत एकच,
वाट बघणारे नऊजण.
मिस टिंडल, पियानो जुळवून देणारी, आता निवृत्त,
मांजराचं नाव पेडल.
खोटं बोलणारा माणूस किंचित बेसूर होतो
आणि तिला ते ऐकू येतं.
एवढ्यावर तेरा पुस्तकं निघाली.
रक्त कधी गालिच्याबाहेर गेलं नाही.

थोरा फ्लेटने परत केलं ते दोन बोटांत धरून,
मेलेल्या उंदरासारखं.
"मी झोपण्याआधी वाचते रे हे.
आता झोपण्याआधी काय वाचू?"

बर्टी ड्रेव्हर खेकड्यांचे पिंजरे विणता विणता म्हणाला,
"तेरा वाट्या मऊ लापशी खाल्ली,
चौदाव्या वाटीत खडा लागला.
बरं झालं. दात आहेत अजून, कळलं."

समासात कुणाची तरी पेन्सिल:
'पान ४० नंतर मांजर नाही!'
खाली निळी शाई:
'खुर्चीखाली आहे, पान ११२. नीट वाचा.'
त्याखाली तिसरं अक्षर, कागद फाटेल इतकं दाबून:
'मांजराचं काय घेऊन बसलात!'

घडतं ते असं.
मिस टिंडल कानाला यंत्र लावते
आणि कितीतरी वर्षांनी ऐकते
स्वतःच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ.
मग बोटांवर मोजत मागे जाते,
डावा कान कधीपासून गेला असेल?
बोटं थांबतात तिसऱ्या पुस्तकातल्या उन्हाळ्यावर.
माळी. नेड हॉपक्रॉफ्ट.
त्याचा सूर चुकलाच नव्हता.
अकरा वर्षं आत होता तो.
शेवटच्या पानावर ती त्याच्या फाटकाशी उभी,
हात कडीवर.
पुढे कोरं पान.

विल्मा आयझबिस्टरने लेखिकेला पत्र लिहिलं,
गाडीच्या पायरीवर बसून मला वाचून दाखवलं.
'बाईसाहेब, आम्ही तुमच्या भरवशावर होतो.'
मग घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं.
"जाऊ दे. तिचंही वय झालं असेल."

मॅन्सी रेंडल, चाळीस वर्षं कोर्टात कारकून,
पुस्तकाबद्दल अक्षर बोलला नाही.
"तिसरं आहे का?" एवढंच.

तिसरं होतं, सगळ्यात खालच्या फळीवर,
कण्याचा रंग उडालेलं.
त्याच्यामागे थोराने मागितलं, मग बर्टीने,
मग ज्यांनी चौदावं वाचलंही नव्हतं त्यांनी.
आता तिसऱ्यासाठी अकराजण थांबलेत.

मॅन्सीला देण्याआधी मी वाचलं,
बोटीची वाट बघत, हीटर लावून.
पान एकसष्ट. माळी म्हणतो,
"मी त्या वेळी स्टेशनवर होतो.
स्टेशनमास्तरला विचारा."
कुणी विचारत नाही.
पुढच्याच ओळीत चहा येतो,
गरम स्कोन, रास्पबेरीचा जॅम,
आणि सगळे खुर्च्या पुढे ओढतात.

हे पुस्तक मी याआधी चार वेळा वाचलंय.
चारही वेळा जॅम वाढून घेतलाय.

परवाच्या मंगळवारी मॅन्सी बोटीवर भेटला.
इस्त्रीचा कोट, दाढी घोटलेली,
तिकीट मोठ्या बेटाचं.
तिसरं पुस्तक त्याने माझ्या हातात दिलं,
एकसष्टाव्या पानाचा कोपरा दुमडलेला.
एरवी तो दुमडणाऱ्यांवर ओरडतो.
मी विचारलं, कुणाकडे निघालास?
त्याने एक नाव सांगितलं.
वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.
मी टोपी काढली, जवळ सरकलो
आणि पुन्हा विचारलं.